सीडी-डीव्हीडी वाचताना एरर येतेय? या चुका टाळा

कॉपी ९० टक्क्यांवर अडकली की हात आधी फडक्याकडे जातो. थांबा. तीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहा, आणि या ड्राइव्हमध्ये दुसऱ्या दोन-तीन डिस्क. सगळ्याच अडखळत असतील तर दोष ड्राइव्हचा आहे. सीडी चालतात पण डीव्हीडी अजिबात चालत नाहीत, तरीही संशय ड्राइव्हवरच घ्या: सीडीला ७८० नॅनोमीटरचा लेसर लागतो, डीव्हीडीला ६५० चा, आणि यातला एकच थकलेला असू शकतो.

दोष डिस्कचाच असेल तर पुसा, पण गोल गोल नको. माहितीचा ट्रॅक आतून बाहेर सर्पिल जातो. त्याच्या दिशेने पडलेला ओरखडा सलग माहिती खातो. मधून कडेकडे गेलेला आडवा ओरखडा ट्रॅकचा प्रत्येक फेरा जेमतेम ओलांडतो, आणि सीडीची चूक-दुरुस्ती साधारण २.५ मिलिमीटरपर्यंतची सलग तूट भरून काढते. म्हणून मऊ, किंचित ओल्या कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा. थिनर किंवा ॲसिटोन लावलंत तर प्लॅस्टिक पांढुरकं पडेल.

टूथपेस्टने घासण्याचा उपाय फक्त खालच्या बाजूच्या उथळ ओरखड्यांपुरता, तोही शेवटचा. सीडीत १.२ मिलिमीटर प्लॅस्टिक खाली असतं आणि माहितीचा थर लेबलाच्या लगेच आत. तो खरवडला गेला की संपलं. डिस्क दिव्यासमोर धरा. टाचणीएवढी भोकं चमकली तर तिथली माहिती गेली. डीव्हीडीत हा थर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांमध्ये असतो, म्हणून ती वरून जरा जास्त सोसते.

सगळ्यात महागात पडते ती ‘पुन्हा एकदा कॉपी करून बघू’ ही सवय. साधी कॉपी खराब सेक्टरवर (डिस्कवरच्या माहितीच्या छोट्या तुकड्यावर) आदळते, तिथेच घुटमळते आणि शेवटी अख्खी फाइल सोडून देते. त्याऐवजी डीडीरेस्क्यू (ddrescue) या माहिती वाचवणाऱ्या प्रोग्रॅमने पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे एकाच फाइलमधली जशीच्या तशी प्रत, काढा. सेक्टरचा आकार २०४८ बाइट द्या आणि मॅपफाइल (कुठला भाग वाचला, कुठला राहिला याची नोंद) ठेवायला विसरू नका. पहिल्या फेरीत खराब भाग पुन्हा पुन्हा वाचत बसू नका, चांगला भाग आधी उचला. दुसऱ्या फेरीत डायरेक्ट मोड (सिस्टिमची कॅशे वगळून थेट ड्राइव्हवरून वाचणं) लावून ३ प्रयत्न, जमल्यास वेग कमी करून. मग तीच मॅपफाइल आणि तीच इमेज घेऊन दुसऱ्या ड्राइव्हवर चालवा: फक्त राहिलेले सेक्टर वाचले जातात, आणि एका ड्राइव्हला न जमलेले बरेचदा दुसऱ्याला जमतात.

लिहिलेली डिस्क कोरी दिसत असेल तर ती फायनलाइझ केलेली, म्हणजे लिहून झाल्यावर इतर ड्राइव्हना वाचता येईल अशी बंद केलेली, नसावी. ज्या ड्राइव्हवर लिहिली, त्यातच घालून पाहा.