आधी जागांची उतरंड, मग यंत्रांची नोंद
देखभालीच्या सॉफ्टवेअरमध्ये यंत्रे नोंदवण्यापूर्वी परिसर, इमारत, मजला आणि खोली अशी जागांची उतरंड कागदावर आखून घ्यावी. कळंगुटच्या हॉटेलापासून वेर्ण्याच्या कारखान्यापर्यंत हे चार स्तर बहुधा पुरतात. जागेला हुद्द्यावरून नाव देऊ नये, कारण आजची ‘मॅनेजरची केबिन’ वर्षभरात कोठार झालेली असते. दारावर रंगवलेला क्रमांकच वापरावा. गच्ची आणि पंपघर हमखास विसरले जातात, आणि गोव्यात जूनच्या पावसात पहिली तक्रार नेमकी तिथूनच येते. समुद्राकडची बाजू स्वतंत्र जागा म्हणून नोंदवली, तर खाऱ्या वाऱ्याने लवकर गंजणाऱ्या एसीच्या बाहेरच्या युनिटांची तपासणी अधिक वेळा लावता येते. यंत्र हलवल्यास जुनी नोंद पुसून नवी करू नये. केवळ जागा बदलावी, म्हणजे दुरुस्तीचा इतिहास यंत्रासोबत राहतो.