गॅम्बिटच्या डावाचे विश्लेषण: आधी वही, मग इंजिन

लातूरच्या मुलांना परीक्षेच्या तयारीची एक शिस्त अंगवळणी पडलेली असते: जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवायची आणि उत्तरतालिका त्यानंतरच उघडायची. तीच मुले संध्याकाळी माझ्याकडे बुद्धिबळ शिकायला येतात, तेव्हा मात्र गाजलेला डाव मोबाइलमध्ये टाकून आधी इंजिनचा, म्हणजे चाली तपासणाऱ्या संगणक-प्रोग्रामचा, आकडा पाहतात. गॅम्बिटच्या डावात या सवयीने फार नुकसान होते. गॅम्बिटमध्ये आरंभीच प्यादे देऊन वेळ, मोकळी पट्टी (पटावरची उभी रांग) आणि हल्ल्याची दिशा मिळवायची असते. या मिळकतीची किंमत स्वतःच्या डोळ्यांनी मोजायला शिकणे, हाच असा डाव अभ्यासण्याचा खरा हेतू आहे.

उदाहरणासाठी मी नेहमी बोरिस स्पास्की (पांढरा) विरुद्ध डेव्हिड ब्रॉनस्टाइन (काळा) या सोव्हिएत ग्रँडमास्टरांचा किंग्ज गॅम्बिटचा डाव घेतो; या गॅम्बिटमध्ये पांढरा दुसऱ्याच चालीला एफ पट्टीवरचे प्यादे देऊ करतो. तो १९६० साली लेनिनग्राडला सोव्हिएत अजिंक्यपद स्पर्धेत खेळला गेला आणि अवघ्या २३ चालींत संपला. विशेष म्हणजे ब्रॉनस्टाइन स्वतः या गॅम्बिटचा मोठा चाहता होता, त्यामुळे समोर काय वाढून ठेवले आहे हे त्याला ठाऊक नव्हते असे म्हणता येत नाही.

खरा पट मांडावा, शेजारी वही ठेवावी आणि पहिल्या आठ चाली न थांबता खेळून घ्याव्यात (सोंगटीचे नाव नसेल तर चाल प्याद्याची, × म्हणजे मारणे, किल्लेकोट म्हणजे राजा आणि हत्तीची एकत्र चाल): १. ई४ ई५ २. एफ४ ई×एफ४ ३. घोडा एफ३ डी५ ४. ई×डी५ उंट डी६ ५. घोडा सी३ घोडा ई७ ६. डी४ किल्लेकोट ७. उंट डी३ घोडा डी७ ८. किल्लेकोट एच६. येथे थांबून वहीत पहिली नोंद करावी. काळ्याने डी५ चे प्यादे परत दिल्यामुळे सोंगट्या समसमान आहेत, परंतु एफ पट्टी अजून पांढऱ्याची झालेली नाही, कारण काळ्याचे प्यादे एफ४ वर ठाण मांडून आहे. एच६ या चालीने काळ्याने एक चाल खर्च केली आणि राजासमोरची तटबंदीही हलवली. माझ्या मते डावाच्या दुखण्याचे मूळ येथेच आहे.

पुढे ९. घोडा ई४ घोडा×डी५ १०. सी४ घोडा ई३ असे होते. काळा घोडा वजीर आणि हत्ती या दोघांवर एकदम रोख धरतो, म्हणून विद्यार्थ्यांना ही चाल फार आवडते. ११. उंट×ई३ एफ×ई३ नंतर मात्र वहीतली जुनी नोंद पुन्हा वाचावी. काळा एका प्याद्याने पुढे आहे, पण ते प्यादे एफ४ सोडून ई३ वर गेल्यामुळे ज्या पट्टीसाठी पांढऱ्याने दुसऱ्या चालीला प्यादे दिले होते, ती काळ्याने स्वतःच्या हाताने मोकळी करून दिली आहे. गॅम्बिटच्या डावात अशी वसुलीची जागा शोधावी आणि तिच्याखाली रेघ मारावी.

१२. सी५ उंट ई७ १३. उंट सी२ हत्ती ई८ १४. वजीर डी३ ई२. आता उंट आणि वजीर एकाच कर्णावर एच७ कडे तोंड करून उभे आहेत, आणि हत्ती एफ८ वरून हलल्यामुळे एफ७ चे रक्षण एकट्या राजाकडे उरले आहे. पंधरावी चाल झाकून ठेवावी, पंधरा मिनिटे लावावीत आणि आपली चाल कारणासह लिहावी. ई२ चे प्यादे एफ१ च्या हत्तीवर रोख धरून आहे, म्हणून बहुतेक जण हत्ती एफ२ लिहितात. ती भक्कम चाल आहे आणि ती लिहिल्याबद्दल कोणाला ओशाळण्याचे कारण नाही. स्पास्कीने एफ१ चा हत्ती तसाच सोडून १५. घोडा डी६ खेळले.

या चालीपुढे लगेच दोन उद्गारचिन्हे (अप्रतिम चालीची खूण) काढू नयेत; चाल देखणी असणे आणि बिनचूक असणे या दोन गोष्टी वहीत वेगवेगळ्या रकान्यांत लिहाव्यात. काळ्याने १५...उंट×डी६ खेळले असते, तर १६. वजीर एच७ शह, राजा एफ८ नंतर राजाला ई७ कडे निसटायला वाट राहिली असती आणि लढत पुढे चालली असती. ब्रॉनस्टाइनने एच७ राखण्यासाठी १५...घोडा एफ८ खेळले, आणि डाव तेथे फिरला.

१६. घोडा×एफ७ ई×एफ१ वजीर शह (प्याद्याचा वजीर झाला) १७. हत्ती×एफ१. पांढरा एका हत्तीने मागे आहे, त्याच्याकडे एक प्यादे तेवढे जास्त आहे. औशाहून येणारी नववीतली एक मुलगी येथे म्हणाली, "सर, राजाने घोडा मारून टाकू." मी तिला तसे करू दिले. १८. घोडा ई५ होताच घोडा आणि हत्ती या दोघांचा दुहेरी शह लागला. तिने राजा जी८ वर नेला. १९. वजीर एच७ शह, घोडा×एच७ २०. उंट बी३ शह, राजा एच८ २१. घोडा जी६ मात. विसाव्या चालीच्या शहाला राजा हातात धरून ती आधी एफ८ कडे नेऊ लागली होती, पण बोटाने एफ पट्टी खाली तपासत गेल्यावर एफ१ चा हत्ती तिला दिसला आणि हात थांबला. एवढा भाग प्रत्येकाने पटावर सोंगट्या हलवूनच करावा, कारण मोबाइलच्या पडद्यावर ती पट्टी मुलांच्या नजरेत भरत नाही.

प्रत्यक्षात १७...उंट एफ५ १८. वजीर×एफ५ वजीर डी७ १९. वजीर एफ४ उंट एफ६ २०. घोडा एफ३-ई५ वजीर ई७ २१. उंट बी३ उंट×ई५ २२. घोडा×ई५ शह, राजा एच७ २३. वजीर ई४ शह असे होऊन काळ्याने डाव सोडला. का सोडला, हे स्वतः शोधावे: राजा एच८ ला गेल्यास हत्ती×एफ८ शह हा धागा धरून पुढे जावे.

एवढे झाल्यावरच इंजिन सुरू करावे आणि फक्त आठवी, चौदावी आणि पंधरावी चाल तपासावी. आपले आणि इंजिनचे मत जेथे जुळत नाही, तेथे आपली ओळ खोडू नये. शेजारी वेगळ्या शाईने इंजिनची चाल लिहावी, आणि आठवड्याने तीच स्थिती पुन्हा मांडून पाहावी.