ड्रिल भिंतीत शिरतच नव्हतं, शेवटी जमलं

इंदूरला नवीन फ्लॅटमध्ये आलो, खिडकीवर पडद्याचा रॉड लावायला घेतला तर प्लास्टर संपलं की ड्रिलचं बिट (पुढची भोक पाडणारी सळई) जागच्या जागी फिरायचं, टोक निळं पडलेलं. अंगाचा भार टाकून पाहिला, बिट बदललं, काही नाही. दोन रविवार गेले, डोकंच फिरलं. मग कळलं, खिडकीवर काँक्रीटचं लिंटल, म्हणजे आडवी तुळई असते आणि माझी बिटं लोखंडाला भोकं पाडायची होती! सियागंज बाजारातून कार्बाइड या कडक धातूच्या टोकाचं मेसनरी बिट, म्हणजे भिंतीसाठीचं, आणलं, 6 आणि 8 एमएम. आधी ड्रिलचं डायरेक्शन फॉरवर्डवर, मग त्यावरचा स्विच हातोडीच्या खुणेवर, म्हणजे ठोकत फिरायला, 6नं हळूहळू भोक, मधेमधे बिट बाहेर काढून भुकटी झाडायची, मग 8नं मोठं करून 8चाच प्लास्टिकचा प्लग ठोकला, आमच्याकडे त्याला गिट्टी म्हणतात, आणि स्क्रू कसला. स्विचबोर्डच्या सरळ रेषेत वर मात्र ड्रिल नको, आत वायर असते.