मानसोपचाराची पुढची तारीख सुटते? या चुका टाळा

आमच्या दादाची पहिली तारीख सुटली ती चवथीत, म्हणजे गणपतीत. घरात माटोळी, म्हणजे गणपतीच्या वरची फळापानांची आरास, बांधायची गडबड, पाहुणे, आणि मेन म्हणजे त्याला बरं वाटत होतं, झोप लागत होती, जेवत होता, मग म्हणाला आता कशाला वाळपईहून बस बदलत बांबोळीच्या हॉस्पिटलात जाऊन अख्खा दिवस घालवू. आम्हीपण मान डोलावली. सगळ्यात कॉमन चूक हीच. डिप्रेशनच्या गोळ्यांचा गुण यायलाच दोन ते चार आठवडे, कधी सहासुद्धा लागतात, आणि बरं वाटल्यावरही निदान सहा महिने त्या चालू ठेवायच्या असतात नाहीतर आजार उलटतो. एकदम बंद केल्या की चक्कर येते, डोक्यात करंट गेल्यासारखं होतं.

पण खरी अडचण नंतरची. दादा रात्री फाईल काढायचा, तारीख बघायचा, परत कपाटावर ठेवायचा. "आता कुठल्या तोंडानं जाऊ, डॉक्टर ओरडतील." असे दोन महिने गेले, आणि आम्ही त्याला आळशी म्हणत होतो, ते आजही टोचतं. तो आळस नव्हता हो, लाज होती. शेवटी वहिनी सोबत गेली, तर डॉक्टरांनी एवढंच विचारलं, गोळ्या कधीपासून बंद आहेत? म्हणून सांगते, तारीख गेली तरी पुढच्या ओपीडीला जाच, आणि गोळ्या सुटल्यात ते खरं सांगा.

वजन वाढतं, सुस्ती येते, नवराबायकोच्या संबंधात त्रास होतो म्हणूनही लोक गुपचूप थांबतात. आईसमोर कोण सांगणार? डॉक्टरांशी दोन मिनिटं एकट्याला बोलू द्या, डोस किंवा गोळी बदलता येते. लिथियम, म्हणजे मूडच्या चढउतारांवरची गोळी, चालू असेल तर रक्ततपासणी चुकवूच नका, शेवटच्या डोसनंतर साधारण बारा तासांनी रक्त द्यायचं असतं.

आईनं देवाचा कौल घेतला, गाऱ्हाणं घातलं. आम्ही अडवलं नाही, फक्त गोळ्या थांबवायच्या नाहीत एवढंच ठरलं, उगाच भांडलो असतो तर दादा दोन्हीकडून तुटला असता.

लांब पडत असेल तर जवळच्या सरकारी हॉस्पिटलात मानसोपचाराची ओपीडी कधी असते ते विचारा. मध्येच घालमेल झाली तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर 14416 आहे, फुकट, रात्रीसुद्धा.

आता वहिनी कालनिर्णयवर तारखेला नुसता गोल करते, शब्द एकही नाही म्हणजे पाहुणे विचारत नाहीत, आणि चार दिवस आधी स्ट्रिपमधल्या गोळ्या मोजते.