घरच्या भिंतीवर एअर पिस्तूलचा सराव : ट्रिगरचा झटका घालवायचा असेल तर

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकरने १० मीटर एअर पिस्तूलमध्ये कांस्य जिंकलं, आणि चारच दिवसांनी, १ ऑगस्टला, पुण्यात बालेवाडीच्या नेमबाजी रेंजवर सराव करणाऱ्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये. त्यानंतर पुण्यात किती घरांत पिस्तूल आलं हे मी रेंजवर रोज बघते. पिस्तूल येतं, पण सिंहगड रोडवरून बालेवाडीला जायला संध्याकाळी तास मोडतो, म्हणून आठवड्यातून दोनदाच जाणं होतं. उरलेले पाच दिवस घरी छर्रा न भरता, म्हणजे ड्राय फायरिंगचा सराव केला नाही तर पैसे वाया गेले म्हणून समजा.

कायद्याचं आधी सांगून टाकते. ४.५ मिलिमीटर (.१७७) बोअरपर्यंतच्या, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाच्या, आणि २० ज्यूलच्या आतल्या एअरगनला परवाना लागत नाही; पावती आणि ओळखपत्राची प्रत मात्र केसमध्येच ठेवा.

स्प्रिंगची गन असेल तर हा सराव तिच्यावर करू नका. पुढे छर्रा नसला की पिस्टनला हवेची गादी मिळत नाही, तो थेट आदळतो आणि सील व स्प्रिंग दोन्ही जातात. हवेच्या सिलिंडरवर चालणाऱ्या मॅच (स्पर्धेच्या) पिस्तुलांत ड्राय फायरची सोय असते. तीच वापरा.

आता सुरक्षितता. यात मी कुणाचं ऐकून घेत नाही. छर्र्यांची डबी दुसऱ्या खोलीत, कुलपात. सिलिंडर काढून ठेवा. बहुतेक मॅच पिस्तुलांत ड्राय फायरला हवा लागतच नाही. मग सेफ्टी फ्लॅगची, म्हणजे नळी रिकामी असल्याचं दाखवणारी, दोरी मागून घालून नळीच्या तोंडातून बाहेर आलेली डोळ्यांनी बघा. बरीच वर्षं झाली, रेंजवरून दमून आले होते, ‘आत काही नाही’ असं मनात धरलं आणि ट्रिगर दाबला. छर्रा कपाटाच्या दारातून आत साड्यांत गेला. मुलगी पलीकडच्या खोलीत अभ्यास करत होती. त्या दिवसापासून दोरी नळीतून आरपार गेल्याशिवाय मी पिस्तूल उचललेलं नाही. भिंत बाहेरची, पक्की निवडा. दाराच्या किंवा पार्टिशनच्या दिशेने कधीच उभं राहू नका. खोलीची कडी लावा.

उभं राहणं सोपं आहे: डोळे मिटून हात उचला, डोळे उघडा, साइट (पिस्तुलावरची नेम धरायची खूण) नेमाच्या जागेपासून बाजूला गेलेली दिसली तर मनगट न वळवता मागचा पाय सरकवा.

भिंतीवर काय लावायचं? सुरुवातीला काहीच नाही. कोरी भिंत. नेटवरून टार्गेट छापून तीन मीटरवर चिकटवायचा सल्ला सगळे देतात आणि तिथेच पहिली खोड लागते. डोळ्याला एका वेळी एकच अंतर स्पष्ट दिसतं. दहा मीटरवर टार्गेटचं काळं वर्तुळ धूसर दिसतं आणि फ्रंट साइट (नळीच्या टोकाकडची पट्टी) धारदार. तसंच दिसायला हवं. तीन मीटरवर तेच वर्तुळ चांगलं रेखीव दिसतं, मग नजर साइट सोडून तिकडे धावते. महिन्यानंतर ही सवय मोडायला तीन महिने लागतात.

आणि आता ट्रिगर. पूर्ण सव्वा वर्ष मी इथे अडकले होते. साठ शॉट्समध्ये ५३० च्या पुढे स्कोअर जाईना. प्रत्येक सीरिजमध्ये, म्हणजे दहा शॉट्समध्ये, नऊ-दहाच्या मध्येच एखादा सहा, तोही डाव्या हाताला खाली. मला सांगणारे सांगायचे, हात स्थिर कर, पाण्याची भरलेली बाटली धरून उभी राहा. खांदा दुखायला लागला, सहा तसाच राहिला. हात कुणाचाच स्थिर नसतो. श्वास आहे, हृदयाचे ठोके आहेत, हात हलणारच. हे हलणं नुकसान करत नाही, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

हिशेब करून बघा. दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर. दोन्ही साइट, म्हणजे पुढची पट्टी आणि मागची खाच, एकमेकींत नीट बसलेल्या असतील आणि अख्खा हात पाच मिलिमीटर सरकला, तर छर्राही पाचच मिलिमीटर सरकतो. म्हणजे अजून दहाच. पण फ्रंट साइट मागच्या खाचेत एक मिलिमीटर कलली, तर? दोन साइटमधलं अंतर साधारण ३३ सेंटिमीटर, टार्गेट दहा मीटरवर. ती एक मिलिमीटरची चूक तिथे तीस मिलिमीटर होते. छर्रा काळ्याच्या कडेला, सहा-सातच्या रेषेवर. माझा सहा तिथून येत होता.

साइट कलते कधी? आपण शॉट हिसकावतो तेव्हा. साइट डुलत डुलत मध्याखाली आली की मेंदू ओरडतो, ‘आत्ता!’ आणि बोटाबरोबर अख्खी मूठ आवळली जाते. उजव्या हाताच्या नेमबाजाचा छर्रा मग खाली डावीकडे. ‘मध्यावर आलं की सोड’ हा सल्ला देणाऱ्याचं ऐकू नका, तो तुम्हाला हिसकावायलाच शिकवतोय.

कोऱ्या भिंतीवर ‘आत्ता’ म्हणायला काही नसतं, म्हणून ट्रिगर तिथेच शिकायचा. नियमाप्रमाणे ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा असतो, आणि बहुतेक मॅच पिस्तुलांत तो दोन टप्प्यांत चालतो. हात अपेक्षित जागेच्या वर न्या, हळू खाली आणा, आणि खाली येतानाच पहिला टप्पा संपवा. मग थांबू नका. इथेच सगळे थांबतात, साइट निवळायची वाट बघत. बोटाच्या पहिल्या पेराच्या मधल्या भागाने दाब सरळ मागे, संथपणे वाढवत राहा. मुठीची पकड सुरुवातीला होती तेवढीच. नजर फ्रंट साइटच्या वरच्या कडेवर. दोन बाजूंच्या प्रकाशाच्या फटी सारख्या आहेत ना, एवढंच बघायचं. साइट भिंतीवर कुठे फिरतेय त्याच्याशी देणंघेणं नाही. टक् होईल. झाल्यावर मनात दोन आकडे मोजेपर्यंत तसेच राहा आणि त्या टक्‌च्या क्षणी साइट खाचेत हलली का ते बघा. छर्रा मारताना धक्क्यात हे लपतं, ड्राय फायरमध्ये लख्ख दिसतं. घरचा सराव मी रेंजपेक्षा वर मानते तो यासाठीच.

आठ सेकंदांत टक् झालं नाही तर हात खाली. ‘आता एवढा धरलाय तर’ असं म्हणून दाबलेला शॉट हिसकावलेलाच असतो. मी मुलांना हात खाली घेतल्याचेही गुण देते, आणि पालकांना त्याचाच राग येतो. मुलगा ‘घाबरतो’ असं त्यांना वाटतं. त्यांनी स्वतः एकदा करून बघावं. पूर्ण तयारीने उचललेला हात न मारता खाली आणणं फार अवघड आहे.

रोज तीस टक्, वीस मिनिटं, बस. वहीत फक्त दोन खुणा: साइट हलली, साइट नाही हलली.

सलग आठवडाभर तीसपैकी पंचवीस वेळा साइट हलली नाही, की मग भिंतीवर वर्तुळ लावा, मापात. खऱ्या काळ्या वर्तुळाचा व्यास ५९.५ मिलिमीटर, डोळ्यापासून भिंत तीन मीटरवर असेल तर १८ मिलिमीटरचं, चार मीटरवर २४ चं. उंचीही मापात हवी, हे कुणी सांगत नाही. रेंजवर टार्गेटचा मध्य जमिनीपासून १४० सेंटिमीटरवर असतो. तुमचा डोळा १५० वर असेल तर दहा मीटरमध्ये नजर दहा सेंटिमीटर उतरते, म्हणजे तीन मीटरमध्ये तीनच. वर्तुळ १४७ वर लावा. १४० वर लावलंत तर हात रोज चुकीच्या कोनात शिकेल.

वर्तुळ लावल्यावर झटका परत येईल. सगळ्यांना येतो. दोन दिवस पुन्हा कोऱ्या भिंतीकडे जा. आणि रेंजवर गेलात की पहिल्या दिवशी कागद उलटा, कोरी बाजू पुढे करून लावा; पहिले दहा छर्रे त्यावर मारा, मग सुलटा करा.