घरगुती धंद्यासाठी व्हिंटेज ट्रे, कोस्टर आणि वाणाच्या वस्तू: बडोद्याच्या घरातून डिझाइन कसं काढायचं

व्हिंटेज गिफ्ट करायचं म्हटलं की बहुतेकजणी नेटवरून गुलाब, आयफेल टॉवर नाहीतर फ्रेंच पोस्टाचे शिक्के डाउनलोड करतात आणि मग प्रत्येक स्टॉलवर तोच ट्रे दिसतो. बडोद्यात राहून हे कशाला करायचं हो? आपल्या दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या जुन्या मराठी घरांत इतकं सामान पडलंय. पितळी कडीचा डबा, पंचपाळं, अडकित्ता, आजोबांच्या वेळच्या लग्नपत्रिका, जुन्या फरशांची नक्षी, काठाच्या साड्या. गिऱ्हाईक "अगं, हे आमच्याकडे होतं!" म्हणतं ना, तिथेच वस्तू विकली जाते.

आधी काळ ठरवा, एकच. सयाजीराव महाराजांचा काळ (१८७५ ते १९३९) घेतला तर त्यात १९६० च्या सिनेमाच्या पोस्टरचे रंग घालू नका, सगळी खिचडी होते. रंग बघायला रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्यात जाऊन या, दिवाण भाऊ तांबेकरांचा वाडा, भिंतीच्या भिंती चित्रांनी भरलेल्या आहेत. तिथे उभं राहून चारपाच रंग वहीत उतरवा आणि पूर्ण सेट तेवढ्यातच करा. पांढऱ्याच्या जागी साय रंग, काळ्याच्या जागी गडद तपकिरी, एवढ्यानेच अर्धं काम होतं.

कागद स्कॅन करायचा असेल तर ६०० डीपीआयवर (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) करा. छपाईला ३०० लागतात, म्हणजे दोन इंचाची नक्षी चार इंच केली तरी धुरकट होत नाही. मोबाईलच्या फोटोवर भागवू नका, कडा वाकड्या येतात. जुन्या लिथो छपाईत प्रत्येक रंगाचा दगड वेगळा असायचा म्हणून रंग किंचित सरकलेले दिसतात, तसं हवं असेल तर डिझाइनमधला एका रंगाचा लेयर (थर) अर्धा मिलिमीटर हलवा, त्याहून जास्त नको. अक्षरांसाठी मराठी वळणाचा ल आणि श असलेला फॉन्ट घ्या, तिरो देवनागरी मराठी फुकट मिळतो आणि छान दिसतो. मोडी टाकायची हौस असेल तर वाचता येणाऱ्या माणसाला दाखवूनच टाका.

आता हक्कांचं, कारण हे कोणी सांगत नाही. आपल्याकडे चित्राचा कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं असतो. राजा रविवर्मा १९०६ साली गेले, त्यामुळे त्यांची चित्रं वापरता येतात, पण म्युझियमने काढलेला फोटो न विचारता उचलू नका, घरात जुना ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्राची रंगीत छापील प्रत, असेल तर तोच स्कॅन करा. जुन्या बिस्किटाच्या नाहीतर चहाच्या डब्यावरचं नाव मात्र नकोच, कंपनी चालू असेल तर ट्रेडमार्कही चालूच असतो. तसंच लाल-सोनेरी नक्षी एमडीएफवर (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीवर) छापून तिला संखेडा म्हणू नका. ते गुजरातेतल्या संखेडा गावचं सागवानावर लाखेचं काम आहे, जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेलं, खाली कथलाची रुपेरी नक्षी असते आणि वर लाख चढली की ती सोन्यासारखी दिसते. ते हवंच असेल तर तिथल्या कारागिरांकडूनच घ्या.

ट्रे करताना एमडीएफला २२० नंबरचा पॉलिशपेपर मारा, सगळीकडून, खालून पण, आणि सगळ्या बाजू रंगाने बंद करा, नाहीतर पावसाळ्यात फुगतो. पहिला हात गडद तपकिरी. वाळला की जिथे हात लागून रंग उडाला असता तिथेच, म्हणजे कोपरे आणि मुठीच्या कडा, साधी मेणबत्ती घासा, मग वरून साय रंगाचे दोन हात. पूर्ण वाळल्यावर पॉलिशपेपर हलका फिरवला की मेणावरचा रंग सुटतो आणि खालचा तपकिरी डोकावतो. मधेच कुठेतरी घासलात तर खोटं दिसतं, जुन्या पाटाकडे बघा, झिजतो कुठे ते कळेल.

चित्र चिकटवायचं असेल तर प्रिंट लेझरवर काढा. इंकजेटची शाई फेव्हिकॉलच्या पाण्याने पसरते, मोठ्या ऑर्डरला हे परवडत नाही. कागद पातळ, फेव्हिकॉल थोडं पाणी घालून, मधून कडेकडे जुन्या कार्डाने हवा काढत जायचं, रात्रभर वाळू द्यायचं, मग मॅट वॉटरबेस्ड पॉलियुरेथेन वार्निशचे दोनतीन हात. चकचकीत नको, चकचकीत केलं की जुनेपणा संपला. कोस्टरला साधी ॲक्रिलिक वार्निश चालत नाही, गरम कपाखाली चिकट होते आणि कपच उचलून येतो, तिथे हीटप्रूफ वार्निशच घ्या. आणि ट्रेवर थेट खाद्यपदार्थ ठेवायचे नाहीत असं कार्डावर लिहा.

विक्रीला सगळ्यात चांगला मोसम संक्रांत ते रथसप्तमी. हळदीकुंकवाचं वाण एकदम जास्त लागतं आणि बजेट कमी असतं, म्हणून वस्तू लहान करा, करंड्याचं झाकण, फ्रिज मॅग्नेट, तीन इंची गोल. १२ बाय १८ इंचाच्या शीटवर चारी बाजूंनी तीन मिलिमीटर ब्लीड (कापण्यासाठी बाहेर वाढवलेली छपाई) धरून असे १५ गोल बसतात, तेव्हा प्रिंटवाल्याकडे सुटं एकेक नेऊ नका. रुखवताचे ट्रे मात्र निवांत, नावं आणि तारीख घालून, त्याला पैसे चांगले मिळतात. भाव ठरवताना सामान, छपाई, पॅकिंग आणि तुमचे तास, चारही धरा. घरी बसून करते म्हणून तास फुकट धरणाऱ्या खूप बायका बघते मी आणि जीव तुटतो. संक्रांतीच्या ऑर्डर डिसेंबरच्या मध्यालाच बंद करा, कारण थंडीत वार्निश वाळायला वेळ घेते आणि ओलसर वस्तू पॅक केली की बबलरॅपचे ठसे तिच्यावर उमटतात.