बेसमेंटमध्ये लागर लावायची तर आधी काय काय जमवायचं

लागर म्हणजे गार जागेत हळूहळू आंबवायची बिअर. आधीच सांगतो, हे सगळं न्यू जर्सीतल्या आमच्या घरचं आहे. अमेरिकेत घरच्यापुरती बिअर करायला १९७८ च्या फेडरल कायद्याने मोकळीक दिली, महाराष्ट्रात बिनपरवाना हा उद्योग करू नका.

सगळ्यात आधी सामान नाही, गार जागा शोधा. जानेवारीत वाटीभर पाणी बेसमेंटच्या कोपऱ्यात ठेवायचं आणि किचनचा थर्मामीटर सकाळ-रात्र त्यात बुडवून बघायचा, १२ ते १४ डिग्री सेल्सियस मिळालं की काम झालं. आमच्याकडे ड्रायरजवळ गरम निघालं, म्हणून जिन्याखाली मुक्काम.

मग १०-१२ लिटरचं स्टीलचं पातेलं आणि झाकणाची फूड-ग्रेड बादली, पण बादली नवीच घ्या हं, मी एकदा लोणच्याची वापरली, चार वेळा घासून उन्हात ठेवली तरी बिअरला मेथी-हिंगाचा वास आलाच, सगळी ओतली सिंकमध्ये. झाकणाला भोक पाडून घट्ट बसेल अशी नळी लावायची, दुसरं टोक पाण्याच्या ग्लासात, झाला एअरलॉक, म्हणजे आतला गॅस बाहेर पडतो पण बाहेरची हवा आत येत नाही. उकळल्यानंतर बिअरला ज्याचा ज्याचा स्पर्श होणार ते सगळं बिअरच्या भांड्यांसाठी मिळणाऱ्या सॅनिटायझरमधून (हाताला लावायच्या नव्हे) काढायचं, इथे आळस केला की आंबट.

सात-साडेसात लिटरसाठी ९०० ग्रॅम लाइट ड्राय माल्ट एक्स्ट्रॅक्ट (मोड आणलेल्या जवाच्या अर्काची पावडर), २० ग्रॅम साझ हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं, साझ ही त्यांची जात), ११.५ ग्रॅमचं लागर यीस्टचं एक पाकीट. माल्ट टाकताना गॅस बंद करा, वाफेवर त्याचे गुळासारखे गोळे होतात आणि पहिल्या उकळीला ते दुधासारखं उतू जातं, तिथून हलू नका. पाऊण हॉप्स तासभर उकळायचे, उरलेले शेवटच्या दहा मिनिटांना. सिंक भरेल एवढा बर्फ आदल्या रात्रीच करून ठेवा, पातेलं त्यात बसवायचं, १५ डिग्रीपर्यंत गार झाल्याशिवाय बादलीत ओतून यीस्ट टाकायचं नाही.

बादलीत आंबायला तीन आठवडे तरी लागतात, शेवटचे तीन दिवस बादली वर घरात आणा म्हणजे लोण्यासारखा वास जातो. आंबणं पुरं झालं का ते मोजायचा हायड्रोमीटर नाही, तेव्हा घाई नको आणि काचेच्या बाटल्या तर नकोच, गॅसने फुटू शकतात, सोड्याच्या प्लास्टिकच्या एक लिटरच्या बाटल्या जमवा, लिटरमागे ६ ग्रॅम साखर. आठ-दहा दिवस घरातच ठेवून बाटली दाबून बघायची, कडक लागली की फ्रिजमध्ये तीन-चार आठवडे. ती जागा घरच्यांकडून आत्ताच मागून घ्या, आमच्याकडे डोशाच्या पिठाशी अजून वाद चालू आहे.